ब्रेक दाबला की रेस बदलते

आत्याने फोवांची ताटली पुढ्यात ठेवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हल्ली ह्यांच्या गाडीत बसले की मी लईराईचं नाव घेत बसते गं. सिग्नलला उभी राहिली की गुरगुरते. ब्रेक दाबला की आवाज बदलतो. आणि ह्यांना ब्रेक दोन-दोनदा दाबावा लागतो."

दिवाळीचे दिवस होते. डिचोली तालुक्यातलं शिरगाव म्हणजे लईराईचं गाव. वैशाखातल्या जत्रेला हजारो धोंड इथे होमकुंडातून चालतात, ते आपल्याकडच्या बऱ्याच घरांतून लोक पाहून आलेले आहेत. दिवाळीत मात्र गाव शांत असतं. पुढ्यात ताकातले, रोसातले, गुळाचे, तिखट असे सगळे फोव मांडलेले आणि मी कुठल्यापासून सुरुवात करावी या विचारात. त्यामुळे आत्याचं बोलणं मी अर्ध्याच कानाने ऐकलं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे त्या अर्ध्या कानाची किंमत मला अर्धा दिवस वाया घालवून मोजावी लागली.

आत्या मूळची आमची, बेळगावची. लग्न होऊन इथे आली त्याला पन्नास वर्षं होत आली. मामा म्हणजे तिचे यजमान. आपल्या भागात आत्याचा नवरा मामाच, आणि कन्नडातही 'माव'च, त्यामुळे सीमेवरच्या घरांत हे नातं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मामांची सगळी नोकरी खाणीच्या वर्कशॉपमध्ये झाली. डंपर, जीप, पंप, जे येईल ते. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून, मान तिरकी करून, "तिसरो प्लग गेला" असं सांगणारा माणूस. माझ्या वडिलांचं खानापूर रोडला गॅरेज होतं, तेही मामांच्या कानाला मान द्यायचे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा मामांचं कामही थांबलं. पुढे खाणी सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा बंद झाल्या, २०२४ मध्ये डिचोली ब्लॉकात काम परत सुरू झालं. मामा मात्र तोवर सत्तरी ओलांडून गेले होते. आता त्यांच्या हाताखाली एकच यंत्र उरलं होतं, दारातली गाडी.

गाडी २००१ ची, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची सेदान. मामांनी ती २००७ मध्ये सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन दशकांहून जास्त चाललेल्या गाडीत जे झालं, त्यात कंपनीचा काहीच दोष नव्हता.

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचा साखरपुडा होता. मामा आणि आत्या त्याच गाडीने साखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी करत बेळगावला येणार होते. मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा, "बाबा, ती गाडी स्क्रॅपला द्या आता." मामा फोन आत्याच्या हातात देऊन अंगणात निघून जायचे.

"मामा, गाडी कशी आहे?" मी विचारलं.

"गाडी बरी आसा गो बाय. पेट्रोलच वायट. ते इथेनॉल घालतात ना!"

आता हे इथेनॉलचं गाऱ्हाणं सध्या घरोघरी आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचं मायलेज थोडं घटतं, हे सरकारनेही मान्य केलेलं आहे. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, हेही खरं. पण मामांची दुसरी तक्रार होती की घाट चढताना इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात तो. आणि इथेनॉल नॉकिंग वाढवत नाही, उलट कमी करतं, कारण त्याचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो. म्हणजे मामांचं निदान कुठेतरी अडत होतं. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे जुळत नसलेलं उत्तर दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही.

सकाळी नऊला बॉनेट उघडलं. साडीचा पदर खोचला, केस बांधले. (फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी आणि पदर यांच्याइतका मोठा शत्रू नाही, भगिनींनी लक्षात ठेवावं. आणि रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो न सांगता सुरू होतो.) हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला, स्टार्टर मारला. इंजिन गरम होईपर्यंत ठीक. गरम झालं आणि काटा नाचायला लागला. पंधराशे, नऊशे, पंधराशे, नऊशे. झोपाळ्यासारखं.

हे असं का होतं ते जरा सांगते, कारण खानापूरच्या एका वाचक भगिनींनीही पत्रातून हेच विचारलं होतं.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत स्लो रेस एका स्क्रूवर असायची. कमी झाली, स्क्रू फिरव. १९९८ मध्ये होंडा सिटी, सँट्रो, मॅटिझ अशा गाड्या आल्या, १ एप्रिल २००० पासून प्रदूषणाचे नवे निकष देशभर लागू झाले, मारुती ८०० सुद्धा एमपीएफआय झाली, आणि हळूहळू कार्ब्युरेटर गेला. एमपीएफआय गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचललात की थ्रॉटलची झडप बंद होते, आणि इंजिनाला श्वास घ्यायला बाजूने एक बारीक वाट उरते. त्या वाटेवर विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार असेल तर कॉम्प्युटर तो जास्त उघडतो, गरम झालं की आवळतो, एसी लावला की पुन्हा थोडा उघडतो. सगळं ठीक असेल तर गरम इंजिन मिनिटाला साडेसातशे-आठशे फेऱ्यांवर शांत बसतं.

आता समजा, कुठून तरी चोरवाटेने जास्तीची हवा आत शिरली. फेऱ्या वाढल्या. कॉम्प्युटर बघतो, झडप तर बंद आहे आणि फेऱ्या पंधराशे! त्याला वाटतं, गाडी उतारावरून पाय उचलून चालली आहे. मग तो पेट्रोल तोडतो. फेऱ्या धपकन खाली येतात. हजाराच्या आसपास आल्या की तो घाबरून पुन्हा पेट्रोल सोडतो. परत पंधराशे. हाच तो झोपाळा. इथे स्क्रू फिरवून काही होत नाही. हवा कुठून येते ते शोधावं लागतं.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. पहिला संशय त्या व्हॉल्व्हवर. शिरगावची तांबडी धूळ, अंगणातल्या तुळशीच्या पानांवरसुद्धा तिचा थर. एअर फिल्टर बघितला तर तोही विटकरी. व्हॉल्व्ह सोडवला, आत काजळीचा काळा लेप होता. क्लीनर मारून, जुन्या टूथब्रशने घासून लखख केला, परत बसवला. यात दोन तास गेले. रेडिएटरमधलं पाणीही पाहिलं, कारण कित्येक गाड्यांत ते गरम पाणी थ्रॉटलजवळून फिरतं आणि पाणी कमी असलं किंवा मध्ये हवा अडकली तरी रेस अशीच नाचते. पाणी काठोकाठ होतं. गाडी सुरू केली. झोपाळा थोडा लहान झाला, थांबला नाही.

मामा पायरीवर बसून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. चहा आला तेव्हा फक्त म्हणाले, "बाय, सोड गो. आम्ही सावकाश येऊं."

तेवढ्यात मला दिसलं. सगळ्या इंजिनावर तांबूस पापुद्रा होता, पण डिस्ट्रिब्युटर धरून ठेवणाऱ्या बोल्टांची डोकी चकचकीत होती. नुकताच पाना लागल्यासारखी. आणि कुणीतरी, बहुधा आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने, डिस्ट्रिब्युटरवर आणि इंजिनावर मिळून एक पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली होती. ती रेघ आता मध्येच तुटली होती. वरचा तुकडा बाजूला सरकला होता.

मी मामांकडे बघितलं. मामा कपात बघत होते.

वडिलांच्या गॅरेजमध्ये मी एक गोष्ट पाहिलेली आहे. चूक दाखवली की गिऱ्हाईक परत येतं, पण कारागीर परत येत नाही. मी काहीच बोलले नाही. बॉनेटखाली परत वाकले आणि तेव्हा सकाळचं आत्याचं वाक्य आठवलं. ब्रेक दाबला की आवाज बदलतो.

"आत्ये, जरा इकडे ये. गाडीत बस आणि मी सांगेन तेव्हा ब्रेक दाब."

"मी? मला गाडी येत नाही गं!"

"गाडी चालवायची नाही. नुसता ब्रेक दाबायचा."

आत्या नाकावर चष्मा सारखा करून बसली. दाबला. रेस झपकन बदलली. सोडला, पुन्हा झोपाळा. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

ब्रेकच्या पेडलच्या पुढे, बॉनेटखाली, लहान थाळीएवढा एक गोल काळा डबा असतो. तो ब्रेकचा बूस्टर. आपला पाय एकटा एवढी वजनदार गाडी सहज थांबवू शकत नाही, म्हणून हा डबा मदतीला असतो. आणि त्याची ताकद कुठली? इंजिन श्वास ओढतं तेव्हा आत जी पोकळी तयार होते, तिचीच. एक जाड रबरी नळी इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून त्या डब्यापर्यंत जाते. ब्रेक दाबल्यावर रेस बदलत असेल, तर संशय त्या नळीवर किंवा डब्याच्या आतल्या पडद्यावर घ्यायचा.

अस्नोड्याच्या एका गॅरेजमध्ये हावेरीकडचा एक पोरगा काम करतो. मामांच्या ओळखीचा. त्याला फोन केला, टायमिंग लाइट घेऊन ये म्हटलं. तो दुपारी आला. मी कन्नडात बोलले तसा चेहरा फुलला. नळीच्या तोंडाशी कान नेऊन ऐकलं, मग वरची क्लिप सरकवून अंगठ्याने नळी वाकवली आणि म्हणाला, "अक्का, गाळी एळ्कोळ्ळाकत्तैति नोड्री." हवा ओढते आहे, बघा. क्लिपच्या बरोबर खाली, जिथे वरून काही दिसत नाही, तिथे नळीला बोटाच्या पेराएवढी चीर होती. रबर वाळून कडक झालेलं. त्याने कापड गुंडाळलेल्या पकडीने चिरेच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या बाजूला नळी दाबून धरली. झोपाळा थांबला.

(चीर शोधायला कित्येक जण चालू इंजिनावर क्लीनरचा फवारा मारतात. तो पेट घेतो. साबणाच्या पाण्याचा फवारा किंवा नळ्या एकेक करून दाबून बघणं बरं.)

आता लक्षात आलं की आत्या देवाचं नाव उगीच घेत नव्हती. त्या नळीत एकेरी झडप असते. इंजिन बंद पडलं तरी डब्यात एक-दोन वेळा ब्रेक मारण्यापुरती पोकळी शिल्लक राहावी म्हणून. मामांच्या गाडीत पहिला ब्रेक ठीक लागायचा, दुसरा जड, कारण फाटक्या नळीमुळे डबा पुन्हा नीट भरतच नव्हता. आणि तीच गाडी थांबल्यावर मध्येच बंदही पडायची. चोर्ल्याच्या एखाद्या वळणावर, समोरून ट्रक येत असताना इंजिन बंद पडलं असतं तर? ब्रेक साफ जात नाही, लागतो. पण सगळा जोर पायाचा. पंचाहत्तरीच्या पायाचा.

हे मी मोठ्याने बोलले नाही. पोरगा बोलला, कन्नडात, सरळ. मामांना कन्नड येत नाही. पण त्यांनी आत्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "सिग्नलला बंद पडायची. लोक मागून हॉर्न मारायचे. मी डिस्ट्रिब्युटर जरा पुढे घेतला. आवाज सुधारला. कान सांगत होता."

कान खोटं सांगत नव्हता. इंजिनाला धाप लागली आहे हे मामांनी बरोबर ओळखलं होतं. हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने जिथे जायचा तिथेच गेला.

यातलं गणित मला फार आवडतं, तेवढं सांगते. पिस्टन वर टोकाला पोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते, कारण पेट्रोल-हवा जळायला वेळ लागतो. ढोबळ मानाने दोन मिलिसेकंद धरा. मिनिटाला आठशे फेऱ्या असताना एक फेरी होते पंचाहत्तर मिलिसेकंदांत, म्हणजे दोन मिलिसेकंदांत इंजिन साधारण दहा अंश फिरतं. तीन हजार फेऱ्यांवर एक फेरी वीस मिलिसेकंदांची, तेवढ्याच वेळात ते छत्तीस अंश फिरतं. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी. (प्रत्यक्षात वेगाबरोबर जळणंही जलद होतं, त्यामुळे आकडे इतके सरळ नसतात.) जुन्या जीपमध्ये हे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा करायच्या. एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटर करतो. त्याच्याकडे प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक भाराला किती अंश, याचा तक्ता असतो. आपण डिस्ट्रिब्युटर आठ अंश पुढे फिरवला की अख्खा तक्ता आठ अंशांनी पुढे सरकतो. स्लोवर गोड वाटतं, रेस चढते. पण घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण भारावर ठिणगी फार लवकर पडते, पिस्टन अजून वर येत असतानाच दाब वाढतो, मिश्रण नको तिथे नको तेव्हा पेटतं. ते डब्यातले खडे. जास्त दिवस चाललं तर पिस्टन फुटतो, हेड गॅस्केट जातं. नंतरच्या कित्येक गाड्यांत खडखड ऐकून टायमिंग मागे घेणारा नॉक सेन्सर आला, मामांच्या गाडीत तो नव्हता.

आणखी एक गंमत. टायमिंग पुढे घेऊन रेस चढली की कॉम्प्युटर आपला व्हॉल्व्ह आवळून ती खाली आणायला बघतो. म्हणजे खरी चूक झाकली जाते, आणि मेकॅनिकला वाटतं आपण बरोबर आहोत.

दोन दिवस दुकानं बंद. तिसऱ्या दिवशी मामा आणि तो पोरगा स्कूटरवरून म्हापशाला जाऊन नळी घेऊन आले. ब्रेक बूस्टरचीच नळी. दुकानदार रेडिएटरची पाण्याची नळी देऊ करत होता, स्वस्तात. मामांनी घेतली नाही. पोकळीच्या ओढीने पाण्याची मऊ नळी आतून चपटते, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. झडपेवरचा बाण इंजिनाच्या दिशेला ठेवून नळी बसवली. मग बूस्टर तपासला: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, कडक होतो, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं. ही परीक्षा कुणीही घरच्या दारात करू शकतो, महिन्यातून एकदा करावी.

उरलं टायमिंग. क्रम महत्त्वाचा. हवेची गळती आधी, मग प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि आतला रोटर, मग टायमिंग, आणि रेसच्या स्क्रूला हात लावायचाच असेल तर अगदी शेवटी. रोटरचं टोक जळून काळं झालं होतं, तो बदलला. इंजिन पूर्ण गरम केलं, एसी, दिवे, पंखा सगळं बंद.

इथे नव्या मुलांचीही चूक होते. कॉम्प्युटर स्लोवर रेस स्थिर ठेवायला टायमिंग सारखं थोडं पुढे-मागे करत असतो. तशीच लाइट मारली तर पुलीवरची खूण नाचताना दिसते आणि माणूस नाचणाऱ्या खुणेवर डिस्ट्रिब्युटर जुळवून मोकळा होतो. त्या काळच्या गाड्यांत कॉम्प्युटरला 'आता गप्प राहा' असं सांगायची सोय असते. होंडात डॅशबोर्डखालचा दोन तारांचा एक जोड तारेच्या तुकड्याने जोडायचा, सुझुकीच्या इंजिनात बॉनेटखालच्या तपासणीच्या जोडात ठरावीक दोन पिना. कुठल्या पिना, ते त्या गाडीच्या पुस्तकात बघूनच; अंदाजाने दुसऱ्याच पिना जोडल्या तर कॉम्प्युटर जळायचा. २०१० च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत स्कॅनर लावायचं आजचं ठरलेलं सॉकेटच मिळेल असंही नाही. तिथे जोड जोडल्यावर चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून बिघाडाचा आकडा काढतात. आत्याने तो दिवा मोजायचं काम आनंदाने घेतलं. आमच्या गाडीत आकडा काहीच आला नाही, कारण फाटकी नळी कॉम्प्युटरला दिसत नाही.

पोरग्याने पहिल्या प्लगच्या वायरीला चिमटा लावला. लाइट मी हातात घेणार होते, मग मामांकडे दिली. "मामा, तुम्ही धरा. मला वाकवत नाही." खोटंच होतं. ठिणगी पडेल तसा दिवा लखलखतो आणि फिरती पुली डोळ्यांना थांबल्यासारखी दिसते. मामांनी आयुष्यात टायमिंग लाइट वापरली नव्हती. वर्कशॉपमध्ये होती म्हणे, साहेबांच्या कपाटात. ते चांगला मिनिटभर नुसते बघत राहिले.

"थांबली गो! फिरता फिरता थांबली!"

खूण जिथे हवी तिथून जवळजवळ आठ अंश पुढे होती. बोल्ट सैल केले. मामांनी एका हाताने लाइट धरली, दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्युटर केसभर मागे, केसभर मागे. पांढऱ्या रेघेचे दोन तुकडे समोरासमोर आले आणि पुलीवरची खूणही बरोबर जागेवर आली. बोल्ट आवळताना तो हलतो, म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा बघितलं. तार काढली. काटा आठशेवर येऊन बसला. एसी लावला, क्षणभर दचकला, परत आठशे.

मामांकडचा पीयूसीचा कागद मी मग बघितला. पास होता. पण कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ शून्य आणि हायड्रोकार्बन मात्र मर्यादेच्या काठाला. २००० च्या आसपासच्या गाड्यांना तीन टक्के आणि १५०० पीपीएम अशी मोकळी मर्यादा आहे, त्यामुळे कुणी आकडे वाचत नाही. पहिला आकडा कमी आणि दुसरा जास्त, म्हणजे मिश्रणात हवा जास्त होऊन पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. गळतीची बातमी त्या कागदावर आधीच छापून आली होती. तुमच्या गाडीचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, एकदा काढून बघा. दोन्ही आकडे जास्त असतील तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे कधीतरी.

संध्याकाळी मामांनी गाडी काढली. मी बाजूला, आत्या मागे. साखळी, केरी, आणि पुढे घाटाच्या चढाने अंजुणे धरण दिसेपर्यंत. तिसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम दाबून बघितलं. खडे वाजले नाहीत. "ओढ थोडी कमी वाटते," मामा म्हणाले. वाटणारच, आठ अंश खोटी ओढ गेली होती. परतताना उतारावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी इतकी चटकन थांबली की आत्याच्या मांडीवरची पिशवी पुढे येऊन पडली. मामांना दोनदा जोरात दाबायची सवय लागलेली. ती जायला केरी ते डिचोली एवढा रस्ता लागला, आणि आत्याची पिशवी आणखी तीनदा पडली.

साखरपुड्याच्या दिवशी ते दोघे अकराला आमच्या दारात हजर. पुण्याचा मुलगा रेल्वेने आदल्या रात्रीच आला होता. मामा उतरले, आत्याला आत पाठवलं आणि मुलाला गाडीपाशी बोलावलं. बॉनेट उघडलं. मी पाहुण्यांना सरबत देत खिडकीतून बघत होते. मुलगा वाकून काहीतरी विचारत होता आणि मामा त्याला पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून समजावत होते. ती फाटकी नळीही त्यांनी रुमालात गुंडाळून बरोबर आणली होती. गुरुजी आले तरी दोघे आत येईनात, शेवटी मीच बाहेर गेले आणि बॉनेट खाली ओढलं.